अरण्यातील आंतरवासिता : वैद्याने काय न्यावे आणि काय आणावे?

काही महिन्यांपूर्वी बाभुळगाव येथील आमच्या चिकित्सालयात एक तरुण वैद्या भेटीस आली. बी.ए.एम.एस. ची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली, आंतरवासितेचे वर्ष नुकतेच संपलेले आणि वडील आमचे जुने रुग्ण. तिच्या हाती एक अर्ज होता. दक्षिण अमेरिकेतील इक्वाडोर देशात, अॅमेझॉनच्या वर्षावनात, सार्वजनिक आरोग्य व वैद्यक या विषयांतील काही आठवड्यांचे प्रशिक्षण होते. शुल्क, प्रवास, निवास हा सर्व खर्च प्रशिक्षणार्थीनेच करावयाचा. वडिलांनी शेतीतील पैसा बाजूला काढण्याची तयारी दर्शविली होती. तिला आमचे शिफारसपत्र हवे होते.

"सर, तिथल्या जंगलात औषधी वनस्पती आहेत, पारंपरिक वैद्य आहेत. आपल्या शास्त्राला तिथे वाव मिळेल ना?" तिने विचारले.

आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. शिफारसपत्र लिहिणे सोपे होते. परंतु अरण्यात शिकण्यास जाणाऱ्या वैद्याने काय जाणून जावे, हे आमच्या मते तिला कोणी सांगितलेले नव्हते. आम्हांसही आमच्या काळी ते कोणी सांगितले नव्हते आणि त्याचे मोल एका बालकास मोजावे लागण्याची वेळ आली होती. आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी किंवा हाताखाली असे तरुण वैद्य आज असतील. म्हणून तिला जे सांगितले तेच येथे क्रमाने मांडीत आहोत.

जांगल आणि आनूप

प्रथम देशविचार. बाभुळगाव हे यवतमाळहून धामणगाव रेल्वेकडे जाताना लागणारे तालुक्याचे ठिकाण. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन, आणि बांधावर त्या कषाय रसाच्या वृक्षाची सावली, जो गावाच्या नावातच बसला आहे. वैशाखातील आमच्या ओपीडीत दाह, मूत्रकृच्छ्र, उष्माघाताची लक्षणे यांचीच गर्दी असते. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या प्रथम अध्यायात जे देशभेद सांगितले, त्यांत आमचा भाग जांगलाकडे झुकणारा, वातपित्तप्रधान. येथे विद्यार्थ्यांचा नेहमी एक घोटाळा होतो. आजच्या मराठीतील 'जंगल' म्हणजे संहितेतील 'जांगल' नव्हे. जांगल म्हणजे विरळ वृक्षांचा, कोरडा, मोकळ्या आकाशाचा प्रदेश. घनदाट, पाण्याने भरलेले, नारळी-केळींच्या दाटीचे जे वर्णन त्याच ठिकाणी येते, ते आनूप देशाचे. आणि तो वातकफप्रधान. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात तर आरोग्यास हितकर देशांत मरुभूमीला आणि अहितकर देशांत आनूपाला अग्रस्थान दिले आहे.

म्हणजे वर्षावनात जाणारा विदर्भातील वैद्य हा देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात असतो. येथे हाताला बसलेली मात्रा, अनुपान, पथ्य तेथे जसेच्या तसे चालत नाही. अग्निमांद्य, दद्रूसारखे त्वग्विकार, विषमज्वर यांचा विचार आधी करावा लागतो. साधी गोष्ट घ्या. आमच्याकडे वर्षभर टिकणारे चूर्ण सदा दमट हवेत काही दिवसांत ओलावा धरते आणि त्यावर बुरशी येते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर व कोकणात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंना हे ठाऊकच आहे. त्यांच्या कपाटात वटी व आसवारिष्टे पुढे आणि चूर्णे मागे असतात.

वनस्पतींचेही तसेच. भारतातल्या भारतात 'ब्राह्मी' म्हटले की कोणी बॅकोपा आणतो, कोणी मंडूकपर्णी. 'रास्ना' उत्तरेत एक आणि दक्षिणेत दुसरीच. 'शंखपुष्पी' म्हणून केरळात गोकर्णी वापरली जाते. आपल्याच घरात संदिग्ध द्रव्यांचा वाद मिटलेला नसताना, अॅमेझॉनमधील पानाच्या आकारावरून 'ही आपली अमुक' असे ठरवून रुग्णास देणे हे साहस होय. तेथील रस, वीर्य, विपाक कोणी तपासले आहेत?

मेळघाटातील एक चूक

आता आमचा स्वतःचा अनुभव सांगणे प्राप्त आहे. सन २००३ च्या पावसाळ्यात आमच्या आंतरवासितेतील ग्रामीण सेवेचा काळ आम्ही आग्रहाने मेळघाटाच्या जंगलातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मागून घेतला. मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके. वस्ती प्रामुख्याने कोरकूंची. तेव्हाही तेथील कुपोषण व बालमृत्यू वृत्तपत्रांतून गाजत होते. आम्हांस वाटत होते की आपण तेथे काही देण्यास जात आहोत.

एका पाड्यावरील भेटीत एक आई दहा महिन्यांचे मूल घेऊन आली. खोकला, नाक वाहणे, दूध कमी पिणे. पाऊस लागलेला, म्हणून मूल गोधडीत घट्ट गुंडाळलेले. आम्ही प्रश्न विचारले, कपाळास हात लावला, नाडी पाहिली, कफज कास असे निदान केले आणि आईच्या दुधातून सितोपलादि देण्यास सांगून तीन दिवसांनी बोलाविले. आमच्यामागे रांग होती. पुढचा रुग्ण बोलावलाही.

तेथील अंगणवाडी सेविका मात्र उठली. सातवीपर्यंत शिकलेली बाई. तिने आईस थांबविले, गोधडी सोडली, बाळाचा सदरा वर केला आणि मनगटावरील घड्याळाकडे पाहत पोटाची हालचाल मोजू लागली. एक मिनिट पूर्ण झाल्यावर ती आमच्याकडे न पाहता हळूच म्हणाली, "चौसष्ट आहेत, डॉक्टरसाहेब. आणि बरगड्यांखाली खड्डा पडतो."

दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला पन्नास वा अधिक श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका घ्यावी आणि छाती आत ओढली जात असल्यास रुग्णालय गाठावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा निकष. आम्ही तो पाठ केलेला होता. परीक्षेत लिहिलाही होता. त्या सेविकेने तो केला. केंद्राच्या जीपने मूल त्याच दुपारी रुग्णालयात पोहोचले. तेथे ते वाचले. नऊ दिवसांनी आई त्याला घेऊन पाड्यावर परतली तेव्हा आम्ही त्या सेविकेच्या घरी जाऊन आमची चूक कबूल केली. तिला त्यात विशेष काही वाटले नाही. "तुम्ही नवीन आहात," एवढेच ती म्हणाली.

विचार केला असता दोष आयुर्वेदाचा नव्हता, आमचा होता. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेत दर्शन प्रथम आहे. काश्यपसंहितेचा वेदनाध्याय तर बोलू न शकणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या चेष्टांवरून ओळखण्यासाठीच आहे. आम्ही गोधडीची परीक्षा केली, बालकाची नव्हे. शास्त्र आमच्या पुस्तकात होते आणि त्याचे आचरण सातवी शिकलेल्या बाईच्या हातात होते.

बाल्टिमोरहून गडचिरोलीस

'परदेशी जाऊ नये' असे त्या वैद्येस आम्ही सांगितले नाही. परदेशी जाऊन काय आणावे, याचे उदाहरण आपल्याच विदर्भात आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९८४ साली सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९८६ पासून ते गडचिरोलीत काम करू लागले. यवतमाळहून वणी, चंद्रपूर मार्गे तेथे पोहोचता येते. गडचिरोलीचे अरण्य वर्षावन नव्हे. ते साग, मोह, तेंदू यांचे पानझडी वन. परंतु दूरवर पसरलेली वस्ती, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, हिवताप, आणि बाहेरच्या वैद्यापेक्षा गावातील पुजाऱ्यावर अधिक विश्वास, ही लक्षणे सर्व अरण्यांत सारखीच.

त्यांनी परदेशातून काय आणले? यंत्रसामग्री नव्हे. मोजण्याची रीत आणली. न्यूमोनियामुळे मुले दगावतात हे मोजले आणि गावातील सुईणींना श्वास मोजण्यास शिकविले. अक्षरओळख व अंकओळख नसलेल्या स्त्रियांसाठी मणी आणि एका मिनिटाची वाळूची घटिका असे साधे उपकरण तयार केले. या प्रयोगाचा अहवाल १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी १९८९ साली त्याच नियतकालिकात दोन गावांतील साडेसहाशे स्त्रियांच्या तपासणीचा अभ्यास आला होता. ९२ टक्के स्त्रियांत एक वा अधिक स्त्रीरोग आढळले, आणि त्यांपैकी फारच थोड्यांनी कधी उपचार घेतले होते. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेऊ लागल्या आणि नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला; तो अहवाल १९९९ चा. २०११ साली केंद्र शासनाने घरपोच नवजात सेवेचा हा विचार आशा कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारला.

दुसरी गोष्ट आमच्या वैद्यबंधूंनी अधिक लक्षात घ्यावी. शोधग्राम येथील रुग्णालय उभारताना लोकांस विचारण्यात आले की तुम्हांस दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतींची व पांढऱ्या वस्त्रांतील माणसांची भीती वाटते, असे गोंड बांधवांनी सांगितले. म्हणून रुग्णालय त्यांच्या गावासारखे, झोपड्यांच्या रचनेचे झाले आणि त्यास दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. डॉ. राणी बंग यांनी स्त्रियांकडून झाडांविषयीचे जे ज्ञान ऐकले, ते 'गोईण' या पुस्तकात त्यांच्याच नात्याने मांडले. गोईण म्हणजे मैत्रीण. आधी विचारणे, मग करणे, हा येथील क्रम. १९७३ पासून हेमलकसा येथे माडिया गोंडांत राहिलेले डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे असोत किंवा मेळघाटात बैरागडला राहिलेले डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे असोत, सर्वांनी आधी भाषा शिकली आणि नंतर चिकित्सा केली.

आपल्या पदवीधरांविषयीही येथे एक शब्द लिहिणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातील आदिवासी तालुक्यांत भरारी पथकांतून मानसेवी वैद्यकीय अधिकारी म्हणून पाड्यापाड्यांवर फिरणारे बहुसंख्य वैद्य बी.ए.एम.एस. आहेत. अल्प मानधनावर, कंत्राटाच्या अनिश्चिततेत ही मंडळी कित्येक वर्षे काम करीत आली. अरण्यातील सार्वजनिक आरोग्याचा त्यांच्याइतका अनुभव असलेला वर्ग शोधूनही सापडणार नाही. परंतु आपल्या संमेलनांत व्यासपीठावर त्यांना किती वेळा बोलाविले जाते? परदेशी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र भिंतीवर लागते. धारणीच्या किंवा भामरागडच्या पाच पावसाळ्यांचे प्रमाणपत्र कोणी देत नाही. हा दोष आपणा सर्वांचा आहे.

नामरूप आणि योग

अरण्यात शिकण्याचा मुख्य विषय वनौषधी, असे तरुण वैद्यांना वाटते. ते अंशतः खरे आहे. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी हे औषधींना नावाने व रूपाने जाणतात, असे मोकळेपणाने मान्य केले आहे. त्यापुढे सांगितले आहे की केवळ नामरूप जाणणे पुरेसे नाही. देश, काल आणि प्रत्येक पुरुष पाहून जो योग जाणतो, तो श्रेष्ठ भिषक्. या दोन वाक्यांत एक करार आहे. नामरूप त्यांच्याकडून घ्यावयाचे, योग आपण सिद्ध करावयाचा, आणि कोणाकडून काय घेतले ते विसरावयाचे नाही.

हा करार पाळल्याची आणि मोडल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. अॅमेझॉनच्या खोऱ्यातील लोक बाणास लावीत ते क्युरारे हे विष १९४२ पासून शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करण्यासाठी उपयोगात आले. दक्षिण अमेरिकेतील डोंगरउतारांवरील सिंकोना वृक्षाच्या सालीतून १८२० साली क्विनीन वेगळे झाले आणि १८६० नंतर तो वृक्ष निलगिरीवर लावला गेला. जगातील असंख्य विषमज्वरी रुग्ण त्याने वाचले. पण मूळ अरण्यवासीयांना त्याचे काय मिळाले?

याउलट मलबारच्या वर्षावनांतील वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ पाहा. डच अधिकारी व्हान ऱ्हीडे यांनी तो सिद्ध करविला आणि १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅम येथे तो छापला गेला. त्यात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे, तसेच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचे साक्षपत्र नावानिशी आहे. कोंकणी वैद्यांचे तर नागरी लिपीत. परकीय सत्तेच्या माणसाने साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगणाऱ्यांची नावे छापली.

अलीकडचे उदाहरण केरळातील अगस्त्य पर्वतराजीतील काणी जमातीचे. १९८७ साली अरण्यात फिरताना थकलेल्या शास्त्रज्ञांना वाटाड्यांनी एका वनस्पतीची फळे खाण्यास दिली. तीच आरोग्यपच्चा. पुढे तिच्यापासून 'जीवनी' हे औषध सिद्ध झाले, १९९५ साली कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीस त्याचा परवाना देण्यात आला आणि संस्थेस मिळणाऱ्या परवाना-शुल्कातील व स्वामित्वधनातील निम्मा भाग काणी समाजास देण्याचे ठरले. व्यवहार निर्दोष नव्हता. पाने गोळा करण्यास वनखात्याची हरकत आली आणि समाजातही मतभेद झाले. तरीही ज्ञानाचे ऋण पैशात मोजून परत करण्याचा तो जगातील आरंभीचा प्रयत्न होता. आपला जैवविविधता कायदा त्यानंतरचा, २००२ चा. २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना त्यातील काही बंधनांतून सूट मिळाली. कायद्याने सूट दिली म्हणून ऋण फिटत नाही, हे मात्र प्रत्येकाने स्वतःस सांगावे.

प्रस्थानापूर्वी

इतके बोलणे झाल्यावर त्या वैद्येने वही उघडली. तिला लिहून दिलेल्या व्यावहारिक सूचना वाचकांसही उपयुक्त ठराव्यात.

१. आपली नोंदणी परदेशात चिकित्सेचा अधिकार देत नाही. तेथे आपण निरीक्षक आहोत. जे कृत्य बाभुळगावात वरिष्ठांच्या देखरेखीविना आपण केले नसते, ते दूरच्या गरीब रुग्णावर करू नये. 'येथे कोणी विचारीत नाही' हे कारण नव्हे.

२. दक्षिण अमेरिकेतील व आफ्रिकेतील अनेक वर्षावनांच्या देशांत पीतज्वर आहे. त्याची लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी. २०१६ पासून तिचे प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य धरले जाते. भारतात पीतज्वर नाही, परंतु त्याचा वाहक एडिस डास आपल्या घरोघरी आहे. म्हणून परतताना हे प्रमाणपत्र नसल्यास विलगीकरणात ठेवले जाते. जनपदोद्ध्वंसाचा अध्याय पढलेल्याने यात त्रास मानू नये.

३. विषमज्वराचा प्रतिबंध तज्ज्ञाच्या सल्ल्याने नियमित घ्यावा. मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे, उकळलेले पाणी यांत कसूर नसावी. आजारी पडलेला प्रशिक्षणार्थी हा त्या लहान आरोग्य केंद्रावरील आणखी एक भार असतो.

४. आपल्याकडील सर्पविषप्रतिबंधक लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांसाठी बनविलेली आहे. अॅमेझॉनमधील सर्प निराळे, त्यांची लस निराळी. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णास त्वरित हलविणे हा नियम मात्र सर्वत्र एकच.

५. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. वनस्पतीची नोंद करताना सांगणाऱ्याची अनुमती घ्यावी, आणि त्यास मान्य असेल तर त्याचे नाव लिहावे.

६. घड्याळ सेकंदकाट्याचे असावे.

शेवटच्या सूचनेवर ती थबकली. तेव्हा आम्ही तिला मेळघाटातील ती गोष्ट सांगितली. इतकी वर्षे ती आम्ही घरातही फारशी सांगितली नव्हती.

उपसंहार

आपल्या परंपरेत शिष्यास 'अंतेवासी' म्हणत. म्हणजे गुरूच्या निकट राहणारा. आजच्या आंतरवासितेत निकट राहणे उरले आहे काय, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःस विचारावा. अरण्यात गुरू कोण, हे आधी ठाऊक नसते. आमच्या बाबतीत ती एक अंगणवाडी सेविका निघाली. आपण शिकविण्यास आलो आहोत अशा समजुतीने गेलेल्यास ती दिसत नाही.

त्या वैद्येने दोन दिवसांनी येऊन आपला निर्णय सांगितला. परदेशाचा अर्ज ती मागे घेणार नव्हती, पण एक वर्ष पुढे ढकलणार होती. ते वर्ष मेळघाटातील भरारी पथकात काम मिळाल्यास तेथे काढण्याचा तिचा विचार आहे. "तिथे जाऊन मी काय पाहायचं, हे आधी इथे कळलं पाहिजे, सर," असे ती म्हणाली. वडिलांना हे पटले की नाही, ते अद्याप आम्हांस कळलेले नाही. मेळघाटाच्या नावाने घरोघरी भीती आहेच. शिफारसपत्र आम्ही दोन्ही ठिकाणांसाठी लिहून दिले.

आपल्या संघटनेस एक विनंती करून लेख संपवितो. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबार, आमच्या जिल्ह्यातील झरी-जामणीचे कोलाम पोड, या ठिकाणी काम करणाऱ्या सभासदांची एक यादी सिद्ध व्हावी. ज्यांच्याकडे आंतरवासी वैद्य काही आठवडे राहून शिकू शकेल, अशांची नावे तीत असावीत. निवासाची व जेवणाची सोय सभासदांनी वाटून घेतल्यास विद्यार्थ्यावर भार पडणार नाही. बाभुळगाव हे अरण्य नव्हे. पण त्या वाटेवरील मुक्कामासाठी आमचे घर उघडे आहे.